मिनिटामागे दोन सेकंद

ओहायोतल्या त्या हॉस्पिटलात मी नोकरीला लागले तेव्हा ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. त्याआधी पीएचडीची पाच वर्षं मी काचेच्या बशीतल्या पेशींवर किरण सोडून त्यातल्या किती जगतात ते मोजत होते. मोजणी चुकली तर बशी धुवायची आणि पुन्हा सुरुवात करायची. इथे बशीच्या जागी माणूस झोपणार होता.

माझं काम सांगायला सोपं होतं. कॅन्सरच्या पेशंटला किरणांचा किती डोस द्यायचा ते डॉक्टर ठरवणार. तो डोस देण्यासाठी कोबाल्टचं मशीन किती मिनिटं चालू ठेवायचं ते मी सांगायचं. त्यासाठी दर महिन्याला मशीनमधून किती किरण बाहेर पडतात ते मोजायचं आणि वेळेचा नवा तक्ता करून टेक्निशियन बाईंच्या हाती द्यायचा. कोबाल्ट महिन्यागणिक थोडा थोडा क्षीण होत जातो, त्यामुळे वेळ थोडी थोडी वाढत जाते. बस्स, एवढंच.

माझ्या आधी हे काम एक म्हातारे गृहस्थ करत होते. वीस वर्षं त्या एकाच तळघरात काढून ते निवृत्त झाले होते. किल्ल्या हातात देताना त्यांनी मला शेवटच्या सोर्सच्या, म्हणजे सध्या मशीनमध्ये असलेल्या कोबाल्टच्या, चार वर्षांच्या वह्या दाखवल्या. अक्षर मोत्यासारखं. चार वर्षांत एकही खाडाखोड नाही. मला कौतुक वाटलं, आणि थोडी शंकाही आली. माझ्या स्वतःच्या वह्यांत दर पानावर काट असते. ज्याच्या वहीत काट नाही तो माणूस एक तर फार मोठा असतो, नाही तर आधी कच्च्या कागदावर लिहून मग पक्कं करणारा. ही शंका मी तिथल्या तिथे गिळली. नवी नोकरी, नवा देश, त्यात ग्रीन कार्डाचा अर्ज याच हॉस्पिटलामार्फत गेलेला.

पहिल्या महिन्याची मोजणी केली आणि माझा आकडा त्यांच्या आकड्यापेक्षा तीन टक्के जास्त आला. मशीनमधून त्यांच्या हिशेबापेक्षा जास्त किरण येत होते. म्हणजे त्यांच्या तक्त्याप्रमाणे वेळ लावली तर प्रत्येक पेशंट मिनिटामागे दोन सेकंद जादा भाजत होता.

तीन टक्के म्हणजे फार नाही. पाचच्या आत असेल तर चालतं असं तेव्हा सगळे मानत. पण कोबाल्टला मूड नसतो. तो अमुक वेगाने क्षीण होतो म्हणजे होतोच. एका महिन्यात तो तीन टक्क्यांनी तरुण कसा झाला?

मी आधी स्वतःवरच संशय घेतला. पुन्हा मोजलं. थर्मामीटर बदलला, तारा बदलल्या. शेवटी आमचं चेंबर तपासणीसाठी दुसऱ्या राज्यातल्या प्रयोगशाळेत पाठवलं. चेंबर म्हणजे बोटाच्या पेराएवढं एक पोकळ उपकरण असतं. त्याच्या पोकळीतल्या हवेवर किरणांचा जो परिणाम होतो, त्यावरून डोस काढायचा. दोन आठवड्यांनी ते परत आलं, सोबत चिठ्ठी, यात काहीही दोष नाही.

विभागाच्या मुख्य डॉक्टरांनी तपासणीचं बिल आणि चिठ्ठी दोन्ही वाचलं. उंच, पांढऱ्या भुवयांचे गृहस्थ, माणसाकडे चष्म्यावरून बघायची सवय. म्हणाले, "आधीच्यांनी वीस वर्षांत हे चेंबर दर दोन वर्षांनी पाठवलं. तुम्ही पहिल्याच महिन्यात पाठवलंत. तुम्हाला नक्की काय सापडायला हवंय?"

"काही सापडू नये असंच वाटतंय," मी म्हटलं.

त्यांचा विश्वास बसला नाही, हे दिसत होतं.

आता उरला होता बॅरोमीटर. पोकळीतली हवा विरळ असेल तर आकडा कमी येतो, दाट असेल तर जास्त, म्हणून दर वेळी हवेचा दाब मोजून हिशेब दुरुस्त करावा लागतो. मी आले तेव्हा विभागात बॅरोमीटर नव्हता. म्हाताऱ्यांचा स्वतःचा असेल, ते घेऊन गेले असतील, असं समजून मी हॉस्पिटलला नवा मागवायला लावला होता. तो दाखवत होता सातशे अडतीस मिलिमीटर. त्यांच्या वहीत 'बॅरोमीटर' या रकान्याखाली ओळीने आकडे होते सातशे एकसष्ट, सातशे त्रेसष्ट, सातशे साठ.

मला एक युक्ती सुचली. विमानतळाच्या हवामान खात्याला फोन लावला. तिकडच्या माणसाने दाब इंचांत सांगितला, मी मिलिमीटर केले, सातशे त्रेसष्ट. म्हाताऱ्यांच्या आकड्यांशी बरोबर जुळलं. माझाच बॅरोमीटर खोटा ठरला.

त्या बॅरोमीटरच्या पाठीला एक बारीक स्क्रू होता. मी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि काटा सातशे त्रेसष्टवर आणून ठेवला.

पुढचे दोन महिने माझे आकडे त्यांच्या आकड्यांच्या मागोमाग शहाण्या मुलीसारखे चालले. डॉक्टर गुड मॉर्निंग म्हणायला लागले. टेक्निशियन बाई, पन्नाशीच्या, जाड भिंगांच्या, मला एकदा म्हणाल्या, "मी सांगितलं होतं ना, इथं सगळं ठीक असतं." मलाही बरं वाटलं. सगळं जुळलं की माणूस शोधणं थांबवतो.

मग ते पत्र आलं. वर्षातून एकदा एका संस्थेकडून टपालाने चिमूटभर पावडर भरलेल्या छोट्या कुप्या येत. आम्ही त्यांच्यावर ठरावीक डोस सोडायचा आणि परत पाठवायच्या. प्रत्यक्षात किती डोस पडला ते त्यांच्याकडे मोजून ते कळवत. म्हाताऱ्यांनी पाठवलेल्या शेवटच्या कुप्यांचं हे पत्र होतं. तुम्ही सांगितलेल्यापेक्षा तीन टक्के जास्त, मर्यादेच्या आत, अभिनंदन.

तीन टक्के. मी उठून फाईल काढली. त्याआधीच्या वर्षाचं पत्र, साडेतीन टक्के जास्त. त्याआधी, तीन जास्त. चौथं, अडीच जास्त. सगळी मर्यादेत होती, सगळीकडे अभिनंदन होतं, आणि एकही पत्र कमी म्हणत नव्हतं. नुसती चूक असती तर कधी इकडे पडली असती, कधी तिकडे. ही चार वर्षं एकाच कुशीवर झोपली होती.

वही उघडून मी तो दाबाचा रकाना बोटाने खाली खाली वाचत गेले आणि अचानक मला पुण्यातली आमची कॉलेजची प्रयोगशाळा आठवली. भिंतीवर पाऱ्याचा उंच बॅरोमीटर होता. तो नेहमी एकाहत्तर सेंटिमीटरच्या आसपास दाखवायचा. माझ्या शेजारच्या मुलीने एकदा न बघताच पुस्तकातला शहात्तर लिहून टाकला. सरांनी ते पान सगळ्यांसमोर फाडलं. म्हणाले, "शहात्तर समुद्रकाठी असतं. पुण्यात शहात्तर आलं तर एक तर बॅरोमीटर बिघडलाय, नाही तर तुम्ही खोटारडे आहात."

ओहायोत कुठे होता समुद्र? आमचं गाव आठ-नऊशे फूट उंचीवर. इथे सातशे अडतीसच यायला हवेत. माझा बॅरोमीटर पहिल्या दिवशी खरं बोलत होता आणि मीच त्याचा कान पिरगाळला होता. मी विमानतळाला दुसरा फोन केला आणि या वेळी नीट विचारलं. तो माणूस सहज म्हणाला, "हो, आम्ही समुद्रसपाटीचाच आकडा देतो. पायलटना आणि हवामानाच्या नकाशांना तोच लागतो. आमच्या इमारतीतला खरा दाब हवा असेल तर तसं सांगायचं."

माझे कान तापले. दोन महिने मी पुण्यात शिकलेली, पीएचडी झालेली बाई त्या शेजारच्या मुलीचंच काम करत होते.

पण शरमेच्या पाठोपाठ दुसरा विचार आला, आणि तो जास्त वाईट होता. मी टेक्निशियन बाईंना विचारलं, "आधीचे सर बॅरोमीटर कुठे ठेवायचे?"

"बॅरोमीटर?" त्या म्हणाल्या. "मी इथं साडेतीन वर्षं आहे. तुझा आला तोच पहिला पाहिला."

मग रकान्यावर 'बॅरोमीटर' का लिहिलं होतं? ते सुवाच्य अक्षर, ती काट नसलेली पानं, सातशे साठच्या आसपास फिरणारे ते गुळगुळीत आकडे. सरांचं वाक्य माझ्या डोक्यात बसलं होतं. बॅरोमीटर बिघडलेला नव्हता, कारण तो नव्हताच. म्हणजे दुसरी शक्यता उरत होती. मला वाटायला लागलं, हा माणूस महिन्याच्या महिन्याला खुर्चीत बसून आकडे लिहीत होता. एक आकडा खोटा असेल तर बाकीचे खरे कशावरून? मी जुन्या चार्टांवरून नजर फिरवायला लागले आणि प्रत्येक चार्टवर त्याची सही दिसली की मला ती गुन्ह्याची खूण वाटायची.

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो एका इन्शुरन्स कंपनीत प्रोग्रॅमर होता आणि आम्ही तेव्हा नुकतेच ओहायोतल्याच डब्लिन नावाच्या गावात राहायला गेलो होतो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "यार, तीन टक्केच ना? लिमिटच्या आत आहे ना? मग ग्रीन कार्ड हातात येऊ दे, मग काय ते कर."

"तोवर पेशंट भाजत राहू देत?"

"तसं नाही म्हणत मी. पण तू स्वतःच तो स्क्रू फिरवलास, हे त्यांना कळलं तर कोणाला काढतील? रिटायर झालेल्याला? तुलाच ना?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. आमची सहा वर्षांची मुलगी टेबलाशी चित्र रंगवत होती. तिने मान वर न करता विचारलं, "Aai, did you break something?"

"नाही गं," मी म्हटलं, आणि ते काही पूर्ण खरं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांच्या खोलीत गेले. चार पत्रं, वही आणि बॅरोमीटर टेबलावर ठेवला. विमानतळाचं सांगितलं. स्क्रूचंही सांगितलं, कारण ते लपवून बाकीचं खरं सांगता येईना.

त्यांनी पत्रं एकेक करून चाळली. मग म्हणाले, "आधी मशीन चुकीचं होतं. मग चेंबर. मग बॅरोमीटर चुकीचा. मग तुम्ही तो बरोबर केलात. आता म्हणता, बरोबर केला तेच चुकलं. मी कुठल्या दिवशीच्या तुमच्यावर विश्वास ठेवायचा?"

मी वही त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी ती उघडली नाही.

"आणि समजा, तुमचं खरं आहे. माझा हात या मशीनवर बसलाय. किती डोसला कातडी किती लाल होते, गाठ किती दिवसांत विरघळते, हे मी पेशंट बघून शिकलोय. उद्या तुम्ही वेळ कमी केलीत तर माझे पेशंट मला माहीत असलेल्यापेक्षा कमी डोस घेऊन घरी जातील. कमी डोसने कॅन्सर परत येतो. ती जबाबदारी तुम्ही घेणार?"

हा प्रश्न नुसता आडमुठेपणा नव्हता. मी खोलीबाहेर आले तेव्हा मला भीती वाटत होती. ते कोणाशी बोलतील, माझ्या अर्जाच्या कागदांवर सही करणारे तेच होते की दुसरं कोणी, आणि टेक्निशियन बाई माझ्याशी अचानक इतक्या कमी का बोलायला लागल्या. कॉरिडॉरमध्ये दोन माणसं कुजबुजली तरी विषय मीच आहे असं मला वाटायचं. एकदा त्या बाई माझ्या टेबलाशी उभ्या दिसल्या, तर मी सरळ विचारलं, "माझी वही बघत होतात का?" त्यांनी हातातला स्टेपलर वर करून दाखवला. त्या दिवशी मी दुपारी कॅफेटेरियात न जाता गाडीत बसून पोळी-भाजी खाल्ली.

शनिवारी सकाळी मी म्हाताऱ्यांच्या घरी गेले. फोनवर सांगितलं होतं की जुन्या वह्यांबद्दल काही विचारायचंय. खरं तर मी त्यांना पकडायला गेले होते. ते बहुधा त्यांनीही ओळखलं असावं, कारण दार उघडल्यावर त्यांनी आत या म्हणायला अंमळ वेळच घेतला. बायको वारलेली, घर नीटनेटकं, स्वयंपाकघराच्या टेबलावर दोन कप आधीच मांडलेले.

"हॉस्पिटलने पाठवलं का तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"नाही. माझी मीच आले."

"डॉक्टरांचा फोन आला होता मला. तुम्ही माझ्या वीस वर्षांवर रेघ मारताय म्हणे."

मी विचार करून आलेली सगळी सभ्य वाक्यं विसरले. "तुमच्या वहीत बॅरोमीटर लिहिलंय," मी म्हटलं, "आणि विभागात बॅरोमीटर नव्हता. मग ते आकडे आले कुठून?"

त्यांनी कप खाली ठेवला. राग आला असेल असं वाटलं, पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, गोंधळ होता. "विमानतळावरून," ते म्हणाले. "दर महिन्याला फोन करायचो. पाऱ्याचा बॅरोमीटर होता आमच्याकडे. सफाईवाल्याच्या हातून फुटला, पारा सगळ्या फरशीवर. मग हॉस्पिटलने पारा ठेवायचाच नाही असं ठरवलं. नवा मागितला तर फोन फुकट आहे म्हणाले. रकान्याचं नाव तेवढं बदलायचं राहिलं."

"कधी फुटला?"

"कधी…" ते आठवत राहिले. "सोर्स बदलला त्याच उन्हाळ्यात. कारण ती गडबड चालू असतानाच हे झालं."

 मी विचारलं, "त्याआधीच्या वह्या कुठे आहेत?"

"माझ्याकडे. जुना सोर्स गेला तेव्हा हॉस्पिटलवाले त्या फेकणार होते."

ते बेसमेंटमध्ये गेले आणि एक खोका घेऊन वर आले. वरची वही काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवली. तेच मोत्यासारखं अक्षर, तोच रकाना. सातशे अडतीस. सातशे चाळीस. सातशे छत्तीस. एका ठिकाणी वादळाच्या दिवसाचा सातशे अठ्ठावीसही होता.

आम्ही दोघं एकाच वेळी बघत होतो. मला काही समजावून सांगावं लागलं नाही. पाऱ्याचा बॅरोमीटर होता तोवर सगळं बरोबर होतं. तो फुटला आणि त्याच सुमारास मशीनमध्ये नवा कोबाल्ट आला, त्यामुळे आकड्यांनी घेतलेली उडी कोणाच्या लक्षात आली नाही. नव्या सोर्सचा आकडा नवाच असणार, असंच कोणीही म्हणेल.

ते म्हणाले, "समुद्रसपाटी. देवा." मग वही मिटून खोक्यात परत ठेवली. मी तिथे त्यांना खोटारडा ठरवायला आले होते, आणि समोर एक माणूस बसला होता ज्याने दर महिन्याला इमानेइतबारे फोन केला होता. मला माफी मागायची होती. पण मी मनात काय घेऊन आले होते हे मोठ्याने बोलून दाखवायचं धाडस झालं नाही. मी एवढंच म्हटलं, "मीही तोच फोन केला. मी तर बॅरोमीटर समोर असताना केला."

त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "मग तुम्हाला कळलं कसं?"

मी पुण्याचं सांगितलं. ते हसले नाहीत. "तुमचे सर चांगले होते," म्हणाले.

सोमवारी ते स्वतः हॉस्पिटलात आले, काखेत खोका घेऊन. आम्ही दोघांनी मिळून मशीन मोजलं. विमानतळावरच्या माणसाकडून त्या दिवशी इमारतीतला खरा दाब विचारून घेतला आणि मी माझ्या बॅरोमीटरचा स्क्रू त्यावर आणून बसवला. आकडा तीन टक्के जास्त आला. मग ते एकटेच डॉक्टरांच्या खोलीत गेले. दार अर्धा तास बंद होतं. मी बाहेर तक्ता लिहीत होते, आणि शेजारी टेक्निशियन बाई काही काम नसताना उभ्या होत्या. मध्येच त्या म्हणाल्या, "इथं आल्यापासून मला पेशंटची कातडी माझ्या आधीच्या हॉस्पिटलापेक्षा जास्त लाल वाटायची. मला वाटलं माझा चष्मा."

जुन्या वह्यांनी डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. ज्या डोसवर त्यांचा हात बसला होता तो आधीच्या पंधरा-सोळा वर्षांचा होता, बरोबर मोजलेला. गेल्या चार वर्षांतच तो नकळत वर चढला होता. त्यांनी नव्या तक्त्यावर सही केली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आजपासून लावा."

त्या चार वर्षांतल्या पेशंटचे चार्ट त्यांनी नंतर काही आठवडे एकट्याने तपासले. तीन टक्क्यांनी कोणाचं काय बिघडलं हे चार्टवरून सांगता येत नाही. दोन-चार जणांचे घसे फार सुजले होते, त्यांचे कागद त्यांनी वेगळे काढले. ते एरवीही सुजले असते का, मला आजही माहीत नाही. हॉस्पिटलने राज्याच्या कचेरीला कळवलं. ते पत्र मी लिहिलं, त्यात म्हाताऱ्यांची आणि माझी अशा दोन्ही चुका लिहिल्या. डॉक्टरांनी माझ्या दोन महिन्यांचं वाक्य खोडायला सांगितलं नाही. मला त्याचा राग आला होता, आता येत नाही.

ग्रीन कार्ड वर्षभराने आलं. मला कोणी काढलं नाही, पण डॉक्टरांनी एक अट घातली. माझी मोजणी दर तिमाहीला बाहेरच्या कोणी तरी येऊन तपासायची. मला तो अपमान वाटला. पहिल्यांदा दुसऱ्या हॉस्पिटलातला माणूस आला तेव्हा मी त्याला वही दिली आणि तो ती वाचत असताना खोलीतून हलले नाही. त्याला काही सापडलं नाही. जाताना तो म्हणाला, "आता तुम्ही माझी तपासायला या."

मी गेले. मग त्याच्या ओळखीने तिसऱ्या ठिकाणी, चौथ्या ठिकाणी. दशक संपेपर्यंत ओहायो आणि इंडियानातल्या बऱ्याच लहान हॉस्पिटलांच्या तळघरांत मी माझा बॅरोमीटर घेऊन पोचले होते. पेशींवरचं संशोधन सुटलं ते सुटलंच. सगळीकडे माझ्याकडे तसंच बघायचे, ही बाई काय शोधायला आली आहे म्हणून. एका ठिकाणी नुकतीच लागलेली एक मुलगी होती, हातात वही घट्ट धरून उभी. मी तिला माझं ओळखपत्र दाखवलं आणि म्हटलं, आधी तू माझा बॅरोमीटर तपास, मग मी तुझी वही बघते. तिने तो उलटा करून पाठीमागून नीट पाहिला आणि मग खुर्ची पुढे सरकवली.